एक जूनची पोरं

भोरच्या आमच्या मुलांच्या शाळेत वर्षभर फारसा कुणाचा वाढदिवस येत नसे. वर्गात साठ मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त एक जूनला जन्मलेली, आणि एक जूनला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. गावचे गुरुजी पोराचं नाव पहिलीत घालताना विचारायचे, "कधीचा?" बाप म्हणायचा, "असंल की सा वर्साचा." जूनमध्ये सहा पूर्ण झालेली नसली तर नाव घेता येत नसे, म्हणून गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. पोरगं श्रावणातलं असो की भाद्रपदातलं, शाळेच्या कागदावर ते दोन-तीन महिने आधीच जन्माला यायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. घंटा जशी शाळेची, तशी ही तारीखही शाळेची, घरचा तिच्याशी काही संबंध नाही, असंच आम्ही समजत होतो.

ती तारीख एखाद्याचा रस्ता अडवू शकते हे मला दिघे भाऊसाहेबांमुळे कळलं. ते आमच्या शाळेचे लिपिक. गेल्या वर्षी श्रावणात ते गेले. जुन्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपात कुणीतरी बातमी टाकली, तिच्याखाली भराभर जोडलेले हात उमटले. एकाने विचारलं, "हे कोणता विषय शिकवायचे?" मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. तेवढ्या जागेत ते मावेना. म्हणून हे लिहायला बसलो.

भाऊसाहेब कोणताच विषय शिकवत नव्हते. मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून त्यांची खोली होती आणि तिच्या दाराला मधोमध एक आडवी फळी होती. फळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. अंगाने किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, बोटांना शाई. लिहिताना ते प्रत्येक नाव ओठातल्या ओठात म्हणत, आणि आडनावापर्यंत आल्यावर एकदा मान वर करून त्या पोराच्या तोंडाकडे बघत, जणू नाव आणि तोंड जुळतंय का याची खात्री करून घेत. मुलांना ते नावाने हाक मारत नसत. शाळेच्या मोठ्या रजिस्टरात ज्या क्रमांकावर मुलाची नोंद असेल त्या क्रमांकाने हाक मारत. "काय आठशे तीन, आज डबा नाही वाटतं?" दहा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला माणूस बाजारात भेटला तरी त्याचा क्रमांक त्यांच्या तोंडात तयार असे. आम्हाला आधी ते अपमानाचं वाटायचं. मग कळलं की शाळेतल्या प्रत्येक मुलाची आठवण असलेला तो एकच माणूस आहे. शिक्षकांना फक्त हुशार मुलं आठवत आणि वांड मुलं आठवत.

शाळेच्या सभागृहात गुणवंतांचा लाकडी फलक होता. दहावीला पहिले आलेले, शिष्यवृत्ती मिळवलेले, खेळात जिल्ह्यापर्यंत गेलेले, सगळ्यांची नावं त्यावर रंगाने लिहिलेली. पण पाण्याच्या नळांजवळ एक फुटका फळा होता, तो भाऊसाहेबांचा. त्यावर ते खडूने दर महिन्याला त्यांच्या पसंतीची नावं लिहीत. "आठवी ब, क्रमांक आठशे एकोणीस, डोंगर उतरून येतो, एकही खाडा नाही." "नववी अ, क्रमांक सातशे सत्त्याऐंशी, धाकट्या भावाला अपूर्णांक शिकवले, भाऊ पास." मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "दिघे, हे काय गुणवंत झाले?" भाऊसाहेब म्हणाले, "सर, सभागृहातला फलक पाहुण्यांसाठी आहे. हा पाणी पिणाऱ्यांसाठी."

मी मार्गासनीच्या पलीकडच्या एका वाडीतला. सातवीनंतर वडिलांनी मला शिवऱ्याला आत्याकडे ठेवलं आणि भोरच्या शाळेत घातलं; शिवऱ्याहून भोरला रोज एसटी. आमच्या घरात तोवर कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. दाखला घेऊन वडील आणि मी त्या फळीपाशी उभे राहिलो. वडिलांनी हात जोडून म्हटलं, "रावसाहेब..."

"रावसाहेब तहसील कचेरीत. इथं मी भाऊसाहेब. आणा दाखला."

दाखला वाचून ते म्हणाले, "एक जून. अजून एक आला."

वडील जरा पुढे झाले. "ती तारीक काय खरी न्हाई बगा. ह्याची आय म्हनती, दिव्याची आवस झाली आन् दुसऱ्या दिशी ह्यो झाला."

"राहू द्या हो," भाऊसाहेब म्हणाले. "दोन महिन्यांनी काय बिघडतंय? बदलायची म्हटली तर पुण्याला शिक्षण खात्यात हेलपाटे. ऐन लावणीत शेत टाकून जाणार का तुम्ही?"

"न्हाई बा," वडील म्हणाले, आणि त्यांना बरंच वाटलं. मलाही बरं वाटलं. मोठ्या शाळेतल्या माणसाने आमच्या लावणीचा विचार केला होता. ते वाईट बुद्धीने बोलले नव्हते, हे मी आज शपथेवर सांगेन. वेल्ह्याकडून, हिरडस मावळातून येणाऱ्या प्रत्येक आईबापाला ते हेच सांगत आले होते, आणि प्रत्येकाने घरी जाताना त्यांना दुवाच दिला असेल.

सभागृहातल्या फलकावर एक नाव होतं, बाळू रेणुसे. मी शाळेत आलो त्याच्या बऱ्याच आधी तो दहावी होऊन गेला होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो जिल्ह्यात पहिला आला होता. तोही आमच्याच भागातला, शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेला. त्याची गोष्ट भाऊसाहेब कुणालाही, न विचारता सांगत. खेळाचे सर त्या वर्षी पाय मोडून घरी बसले होते. मग पहाटे प्रार्थनेच्या आधी भाटघर धरणाच्या रस्त्याने बाळू पळायचा आणि मागून सायकलवर दिघे भाऊसाहेब, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरून. "मला धाप लागायची," ते सांगत, "सायकलवर बसून मला धाप, आणि हा गडी पळता पळता मागं वळून विचारतो, भाऊसाहेब, टायरात हवा हाय न्हवं?" हे सांगताना ते लहान मुलासारखे हसत. त्यांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती. पण मुलगा नसल्याची खंत त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. बाळूचं नाव मात्र फार ऐकलं.

बाळूचा बाप तो दहावीत असतानाच गेला. पुढे शिकणं झालं नाही. कापूरहोळच्या चौकात, भोरचा रस्ता हमरस्त्याला लागतो तिथे, एका गॅरेजवर तो कामाला राहिला आणि सकाळी पळणं चालू ठेवलं. त्याला सैन्यात जायचं होतं. एवढंच एक त्याने ठरवलं होतं. दोनदा भरतीला गेला आणि दोन्ही वेळा उंचीपाशी, केसभर कमी म्हणून मागे आला. तिसऱ्या वेळी उंची बसली.

मी नववीत होतो. आषाढ लागला होता. एसटीच्या पासाच्या अर्जावर शाळेचा शिक्का घ्यायला मी फळीपाशी उभा होतो, तेवढ्यात माझ्या मागे एक उंच तरुण आणि त्याच्याबरोबर डोक्यावर पदर घेतलेली बाई येऊन थांबली.

"एकशे चाळीस," भाऊसाहेब उठूनच उभे राहिले. "काय रे बाळू, लागला का शिक्का मिलिटरीचा? आणि पेढे कुठायत?"

बाळू हसला नाही. "पळन्यात पयला आलो, भाऊसाहेब. छाती झाली, उंची झाली. कागदाच्या टेबलावर म्हनले, वय गेलं. एक जूनला एकवीस भरली."

"भरली न्हाईत," ती बाई म्हणाली. ती त्याची आई, हिराबाई. "गवर जेवली त्या दिशी ह्यो झालाय. गवर यायला अजून दोन म्हैने हायेत."

भाऊसाहेबांनी फळीवरचा माझा अर्ज बाजूला सारला.

"म्या तवाच सांगितलं हुतं, साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "ह्याला आठवीत घालाय आले तवा. ह्याच फळीपाशी. तुमी म्हनला, राहू द्या बाई, कामाचा रोज बुडवून कशाला हेलपाटं घालता."

भाऊसाहेबांनी कपाटातून ते मोठं रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. किती तरी वेळ ते बोट तिथेच होतं. मग म्हणाले, "अक्षर माझंच आहे."

बाळूच म्हणाला, "गनपतीच्या आदी अजून एक भरती हाय. तवर तारीक बदलली तर वय बसतंय."

"बसेल," भाऊसाहेब म्हणाले. "बसवू." माझा अर्ज शिक्क्याशिवायच फळीवर राहिला आणि मी तो तसाच घेऊन निघून आलो.

पुढचे दोन महिने भाऊसाहेबांची खुर्ची कधी असे, कधी रिकामी. आधी ते मार्गासनीला जाऊन बाळूच्या गावच्या ग्रामपंचायतीत बसले आणि जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या पानोपान पाहिल्या. नोंद सापडली. मुलगा, बापाचं नाव, आडनाव, आणि तारीख. ती तारीख आणि त्या सालच्या पंचांगातल्या गौरीपूजनाचा दिवस एकच. म्हणजे खरा कागद इतकी वर्षं एका कपाटात पडून होता. हिराबाईने सांगितलं त्याच आठवड्यात एखाद्या दिवशी कुणी एसटीत बसून गेलं असतं, तरी काम झालं असतं. ती नोंद घेऊन ते पुण्याला शिक्षण खात्यात गेले. परत गेले. तिसऱ्यांदा गेले. तिथे त्यांना जे उत्तर मिळालं ते त्यांना पाठच होतं, कारण असलं उत्तर ते स्वतः इतरांना देत आले होते. मुलगा शाळेत असेपर्यंत तारीख दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर होत नाही.

गणपतीच्या आधीची भरती झाली. बाळू गेला नाही. मग गौरी आल्या, जेवल्या, गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी शाळेत सूचना फिरली. ज्यांची जन्मतारीख एक जून आहे त्या सर्वांनी मधल्या सुट्टीत मैदानावर रांगेत उभं राहावं. अर्धी शाळा रांगेत उभी राहिली. आम्हाला वाटलं लस टोचणार आहेत. दोघं-तिघं कुंपणावरून पळाले. भाऊसाहेब वही घेऊन आले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत सुटले, "आई काय सांगते, कधी झालास?"

"आईला ठाऊक न्हाई."

"आईला ठाऊक नाही असं होत नाही. घरी जाऊन विचार. सण विचार. पाऊस होता की ऊन होतं ते विचार. शेतात काय चाललं होतं ते विचार."

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत जे चालायचं ते बघायला आम्ही फळीवर लोंबकळायचो. भाऊसाहेबांनी गावातल्या एका म्हाताऱ्या भटजींकडून जुन्या पंचांगांचा गठ्ठा आणला होता. मुलं घरून निरोप आणत, आणि ते पानं उलटून त्याची तारीख काढत. "भाताची कापनी चालू हुती आन् चांदनं हुतं." "वसूबारसंच्या सांच्याला." "गावची जत्रा उठली त्या दिशी." एकाने आणलं, "आमची म्हस व्याली त्याच्या आदल्या दिशी." भाऊसाहेब म्हणाले, "अरे सातशे नव्वद, म्हशीचं पंचांग नाही माझ्याकडं. म्हैस कधी व्याली ते विचारून ये." सगळी खोली हसली. ते हसले नाहीत. तारखेचा अंदाज निघाला की ते त्या त्या गावच्या कचेरीत जाऊन वही पाहत आणि नोंद सापडली की अर्ज स्वतःच लिहीत.

शिक्षकांच्या खोलीत त्यांची थट्टा चाले. "दिघे भाऊसाहेब कुठायत?" "गेलेत बारशाला." मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून सांगितलं, आणि दार उघडं असल्यामुळे आम्ही ते ऐकलं.

"दिघे, हे आपलं काम नाही."

"माझंच आहे, सर. उशिरा करतोय एवढंच."

आमच्या वाडीवरच्या घरी ते एका रविवारी आले तेव्हा मीही तिथे होतो, आई चुलीपुढे होती. शाळेतला माणूस दारात म्हटल्यावर ती घाबरली, मी काहीतरी उद्योग केला असणार. वडिलांनी घोंगडी टाकली. भाऊसाहेब बसले नाहीत, उंबऱ्याशी उभं राहूनच म्हणाले, "वहिनी, मागं यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता तुम्ही सांगा."

आई वडिलांकडे बघायला लागली. वडील म्हणाले, "सांग की. तुझंच बाळतपण."

"दिव्याची आवस झाली," आई म्हणाली. "दिवं घासून ठिवलं, कणकीचं दिवं केलं. रातभर कळा आल्या. दुसऱ्या दिशी उन्हं वर आल्याव झाला. सुईन म्हनली, पोरगं आवस सरूस्तवर थांबलं, शाना निगंल."

"शहाणा निघालाय का?"

"त्ये तुमीच सांगा, तुमच्याकडं असतोय."

भाऊसाहेबांनी सगळं लिहून घेतलं, दिवे घासल्याचंसुद्धा. आई आजही सांगते, माझ्या बाळंतपणाची हकिकत तिला आयुष्यात एकाच माणसाने विचारली आणि तो परका होता.

माझी तारीख दुरुस्त झाली. माझ्याबरोबर पुष्कळांची झाली. त्या वेळी मला त्याची किंमत कळली नाही. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. नोकरीच्या परीक्षांमध्ये बरीच वर्षं गेली, आणि जी नोकरी आज करतो ती मला वयाच्या अगदी शेवटच्या संधीला मिळाली. जुन्या तारखेने त्या अर्जाच्या दिवशी माझं वय उलटून गेलेलं असतं. नेमणुकीचं पत्र हातात आलं तसा मी पेढे घेऊन भोरला गेलो. भाऊसाहेब तोवर निवृत्त झाले होते. वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, त्यांच्या पत्नी गेलेल्या, मुलगी नवऱ्यासह जवळच राहायची आणि येऊन-जाऊन बघायची. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, तारखेपाशी बोट थांबवलं. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी तो उघडला नाही.

"हे बाळूचे आहेत," ते म्हणाले. "त्याचं गेलं म्हणून तुझं झालं. जाताना कापूरहोळला उतर आणि त्याला दे."

"तुम्ही चला ना बरोबर."

"नको."

मी उतरलो. चौकात आता बाळूचं स्वतःचं पंक्चरचं दुकान होतं, मागे दोन खोल्या. मी कोण ते सांगितलं. त्याचे हात काळे होते, म्हणून त्याने तोंड उघडलं आणि मी पेढा त्याच्या तोंडात घातला.

"भाऊसायबांनी दिलं व्हय?" तो म्हणाला. "त्ये सोता येत न्हाईत हितं. पुन्याला जायचं आसलं का एस्टीत त्या अंगाला बसत्यात. माझं दुकान ह्या अंगाला. म्या बघतो ना." भोरहून पुण्याकडे निघालं की कापूरहोळ चुकत नाही. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक खेपेला ते पलीकडच्या खिडकीशी बसत होते.

मग त्याने मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या खेपेला पुण्याहून नकार घेऊन आल्यावर भाऊसाहेबांनी त्याला शाळेत बोलावलं होतं. कोरा दाखला काढला, सगळा भरला, जन्मतारखेच्या जागी खरी तारीख घातली, शिक्का मारला. फक्त सही राहिली होती. "माझ्या फुडं ठिवला. म्या म्हनलं, द्या भाऊसायब, हुईल त्ये हुईल. तारीक तर खरीच हाय. त्ये लई टाईम बघत बसले. मग म्हनले, बाळू, बोर्डाच्या कागदावर येगळी तारीक हाय. धरला तर तू खोट्यात जाशील, माज्या चुकीपायी. आन् फाडला. चार तुकडं केलं, खिशात घातलं."

"तुला राग नाही आला?"

तो टायर पाण्यात फिरवत होता, बुडबुडा कुठून येतो ते बघत. "आला की. लई दिस आला. फाडल्याचा न्हवं. फाडल्यावर त्ये कायतरी बोलतील आसं वाटलं. त्ये कायच बोलले न्हाईत. उठून पानी प्याले आन् म्हनले, जा घरी."

पुढे मी वर्षातून दोनदा-तीनदा भाऊसाहेबांकडे जात राहिलो. ते बाळूचं विचारत, पण आडून. "कापूरहोळचा पूल झाला का रे? दुकानं हलवली म्हणे." मी सांगायचो, बाळूचं दुकान आहे तिथंच आहे, त्याचा पोरगा शाळेत जातो, दवाखान्यात जन्मला, तारखेची अडचण नाही. ते ऐकून घेत आणि विषय बदलत. एकदा मी न राहवून म्हटलं, "भाऊसाहेब, एकदा भेटा बाळूला. तो वाट बघतो." ते म्हणाले, "काय बोलू? मला बोलता येत नाही रे. मी आयुष्यभर अर्ज लिहिले."

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांची तब्येत बरी नाही, तुला बोलावतात, आणि येताना आखीव कागद आण म्हणतात.

मी गेलो तर ते खाटेवर उशाशी टेकून बसले होते. "लिहून घे," म्हणाले. पलीकडच्या खोलीत मुलगी वावरत होती, तिला त्यांनी दार ओढून घ्यायला सांगितलं. मग सावकाश, स्वल्पविरामासकट, त्यांनी मजकूर सांगितला. तो मी जसाच्या तसा देतो.

"प्रति, शिक्षणाधिकारी. विषय, जन्मतारखेची चुकीची नोंद राहिल्याबाबत. महोदय, क्रमांक एकशे चाळीस, बाळू रेणुसे, या विद्यार्थ्याच्या आईने प्रवेशाच्या वेळी खरी जन्मवेळ तोंडी सांगितली होती. तशी नोंद ग्रामपंचायतीत उपलब्ध होती. तत्कालीन लिपिक, म्हणजे मी, यांनी ती पाहिली नाही, आणि पालकांना दुरुस्तीपासून परावृत्त केले. त्यामुळे सदर विद्यार्थ्याची सैन्यातील संधी गेली. यात विद्यार्थ्याची, त्याच्या आईची अथवा गावच्या गुरुजींची चूक नाही. सबब नोंद घ्यावी."

मी लिहायचं थांबलो. बाळू चाळिशी ओलांडून गेला होता. "भाऊसाहेब, आता याचा काय उपयोग?"

"उत्तर यायचं नाही," ते म्हणाले. "पण तिथल्या आवक नोंदवहीत चढेल. कुठंतरी चढायला पाहिजे."

मग म्हणाले, "खाली लिही. प्रत माहितीसाठी, श्रीमती हिराबाई रेणुसे, कापूरहोळ."

"त्यांना वाचता येत नाही."

"मग तू वाचून दाखव. सगळं वाच. माझ्या नावापाशी आवाज खाली आणू नकोस."

त्यांनी सही केली. एके काळी छापल्यासारखी असणारी ती सही त्या दिवशी ओळीच्या खाली घसरत गेली. एक कागद मी पोस्टात टाकला, दुसरा घेऊन कापूरहोळला गेलो.

हिराबाई दुकानामागच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आता खूप वाकल्या होत्या, नजर अधू. बाळू मागून येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी वाचलं, सांगितलं होतं तसं, कुठे आवाज न पाडता. त्यांचे हात शेंगांवर थांबले होते.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. बाळूने मान फिरवून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली होती. मग हिराबाई म्हणाल्या, "बराबर लिवलंय. आसंच झालं हुतं." त्यांनी कागद मागून घेतला, घडी केली, आणि उठून आत गेल्या. "जेवून जा" म्हणाल्या, बाकी काही नाही.

येताना एसटीत मी मनात बऱ्याच गोष्टी जुळवल्या. त्यांनी तुम्हाला माफ केलं, असं सांगावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगावं. यातलं काही झालं नव्हतं.

भाऊसाहेब आडवे होते. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मुलीने त्यांना धरून ठेवलं.

"वाचलंस?"

"दोनदा. त्यांनी परत वाचायला लावलं."

"काय म्हणाल्या?"

मी त्यांच्या शब्दांत सांगितलं. "बराबर लिवलंय. आसंच झालं हुतं."

त्यांचे ओठ हलले, तेच शब्द आवाजाशिवाय म्हणत असावेत. "बाळू होता?"

"होता."

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं." आणि भिंतीकडे वळले.

मुलगी मला चहा घे म्हणाली. मी नको म्हणून दारापर्यंत आलो आणि मागे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, पांढऱ्या बनियनमधली पाठ लहान मुलाच्या पाठीएवढी दिसत होती, आणि खांदे हलत होते. मुलगी त्या पाठीवरून हात फिरवत होती. मी चपला पायात घातल्या नाहीत. हातात घेतल्या आणि लाकडी जिना वाजू न देता उतरलो.